अनगोळच्या परड्यातले मांडे

गाडी सुटायला दहा मिनिटं राहिली होती आणि आई बेळगाव स्टेशनवर अजून पिशवीचं तोंड बांधत होती. पिशवीत शेंगाची चटणी, कडबोळी, कडक भाकरी आणि नव्या संसाराला लागतील म्हणून दोन उलथणी. माझा नवरा प्रकाश ट्रंक बाकाखाली ढकलत होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, चौथ्यांदा तिकिटं बघत होते. आई खिडकीचा गज धरून म्हणाली, "तिकडं भाकरी कर, आमटी कर, काय पायजे ते कर. मांडे करू नकोस. ज्याला येत्यात त्यालाच राबवत्यात."

गाडी सुटताना असलं काय बोलायचं, म्हणून आप्पा तिच्यावर चिडले. आईनं पदर तोंडाला लावला. मी काही रडले नाही. राग आला की माझे डोळे कोरडे पडतात, हे प्रकाशला तेव्हा नवीन होतं. बिचारा म्हणाला, रड की, मोकळी होशील. मोकळी झाले, पण त्याला सव्वीस वर्षं लागली, आणि रडून झाले नाही.

गेल्या दिवाळीपासून आमच्या घराण्याच्या ग्रुपवर माझ्या नावानं शिमगा चाललाय. वंदीनं पाडव्याच्या दिवशी पाहुण्यांत तमाशा केला. वंदीनं म्हाताऱ्या काकूला रडवलं. बेंगळूरला जाऊन वंदीला शिंगं फुटली. एकानं तर हात जोडलेलं चित्र टाकून खाली 'क्षमा हाच खरा फराळ' असं लिहिलं. त्या फराळाची पाककृती त्यानं आधी आपल्या बायकोला विचारावी. तर वडगावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या पुण्याला, दुबईला, कुठं कुठं गेलेल्या बहिणींनो, तुम्ही नुसता व्हिडिओ बघितलाय. तो दोन मिनिटांचा आहे. मी सगळं सांगते.

आमचं घर मागवाल्यांचं. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत दिवसभर मागाचा खटखटाट, इतका की आम्ही सगळेच मोठ्यानं बोलतो, आणि बेंगळूरच्या लोकांना वाटतं आमचं भांडण चाललंय. दिवाळीला माग थांबायचे. त्या शांततेत पहिल्या दिवशी चुकल्यासारखं व्हायचं, मग घराघरातनं तळणीचा वास सुटला की बरं वाटायचं. आप्पांचे थोरले भाऊ, अण्णा, यांनी माग सोडले, उद्यमबागेत लेथ मशीनचं वर्कशॉप टाकलं आणि अनगोळात बंगला बांधला. चांगली गोष्ट. अण्णांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या बायकोला, आमच्या थोरल्या काकूला, आपण कधी मागाच्या घरात नांदलो हे कुणाला कळू नये असं फार वाटायचं. वडगावची माणसं अनगोळला गेली की ती आधी चपला बघायची, मग तोंडं.

आईच्या हाताला मांड्याचं वळण होतं. बेळगावात मांडे दुकानात मिळतात, कारागिरीण बोलावूनही होतात. आई कारागिरीण नव्हती. तिनं तिच्या आईकडून घेतलं होतं आणि फक्त घरच्या कार्याला करायची. मुलायम भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यात पिठीसाखर, खसखस, वेलदोड्याचं सारण भरायचं, थोडं लाटायचं, आणि मग ती पोळी दोन्ही हातांवर घेऊन, कोपरापर्यंत फिरवत फिरवत, पातळ करत न्यायची. शेवटी पोळीच्या आरपार चुलाणातला जाळ दिसतो. ती पालथ्या खापरावर टाकायची, आणि निघाली की तिथल्या तिथं घडी घालायची. आई म्हणायची, दोन श्वासांत घडी. तिसरा श्वास घेतलास तर मांडा कडक झाला, मग घडी घालायला गेलं की तुकडे. आणि खापरावर राहिला तर करपला. मांड्याला सबब चालत नाही.

काकूची मुलगी जयूआक्का निपाणीला दिली. तंबाखूच्या व्यापारातलं मोठं घर. तिचा पहिला दिवाळसण अनगोळला ठरला. जावई येणार, त्याची आई येणार, चार बायका येणार. काकूला मांडे पाहिजे होते. तिनं आईला आमंत्रण दिलं नाही, निरोप पाठवला: परड्यात चुलाण पेटवून ठेवलंय, ये. घरच्यांना आमंत्रण कशाला, असं आई म्हणाली आणि गेली. मी एकोणीस वर्षांची होते, सारण भरायला बरोबर गेले. बंगल्याच्या मागच्या परड्यात दोन दिवस आम्ही धुरात बसलो. पाडव्याला पंगत बसली, आणि थोड्या वेळानं निपाणीच्या विहीणबाई ताटली हातात घेऊन परड्यात आल्या. एवढी मोठ्या घरची बाई, पण खाण्याची खरी शौकीन. म्हणाल्या, "कुणी केले हे? असले मांडे मी माझ्या लग्नातसुदिक खाल्ले न्हाईत."

आई उठली. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर राखेचा पट्टा. ती हसली, आणि काहीतरी बोलणार तेवढ्यात मागनं काकू आली.

"हाताखालची बाई हाय हो," काकू म्हणाली. "वडगावची. सणासुदीला येती."

बघा तुम्ही. वडगावची हे खरं. सणासुदीला येते हेही खरं. बाकीचं खोटं तिनं त्या दोन खऱ्यांच्या पाठीवर घालून आत नेलं. विहीणबाई म्हणाल्या, हाताला गुण आहे बाईच्या, आणि काकू त्यांना धूर लागतो म्हणत आत घेऊन गेली. आई जिथून उठली तिथंच परत बसली. तिनं पुढचा गोळा घेतला. मी तिच्याकडं बघत होते आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. पंगतीवर पंगत झाली. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. ऊन कलल्यावर काकू वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं घेऊन आली, पोरांना होतील म्हणाली. घरी येऊन सोडलं तर आतमध्ये मोडलेले मांडे, काठाचे तुकडे. बोलवायच्या वेळी घरची म्हणून आमंत्रण नाही, आणि दाखवायच्या वेळी घरचीच नाही. हा हिशेब मला त्या दिवशीपासून सुटलेला नाही.

अनगोळहून वडगावला चालत येताना आई एवढंच म्हणाली की हे आप्पांना सांगू नकोस, भावाभावात वितुष्ट नको. मी हो म्हटलं. पण मनात मी माझं ठरवलं. एक दिवस ह्याच काकूनं, आपल्या तोंडानं, ह्याच निपाणीच्या बाईसमोर म्हणायचं: ही माझी जाऊ. बास. मला दुसरं काही नको होतं. पैसा नको, लुगडं नको, माफीसुद्धा नको. माफी लोक फुकट मागतात.

माझं लग्न झालं तेव्हा अण्णांनी प्रकाशला उद्यमबागेत आपल्याकडं कामाला ये म्हणून सांगितलं. गल्लीतली निम्मी पोरं सकाळी मोटारसायकलवर टांग टाकून तिकडंच जात होती. प्रकाशला वाटलं, घरापासून जवळ, ओळखीचं, काय वाईट? मी म्हटलं, त्या घरचं मीठ खाल्लं की मला आयुष्यभर गप्प बसावं लागेल. त्याला धड समजलं नाही, पण त्यानं ऐकलं. त्याच्या मित्रानं बेंगळूरला पीण्या भागातल्या एका कारखान्यात नोकरी बघून दिली आणि आम्ही ती गाडी पकडली. मागं काकूनं सांगत सुटायला कमी केलं नाही की पोरीला सासर झेपलं नाही, नवऱ्याला घेऊन पळाली.

बेंगळूर म्हणजे आधी एक खोली आणि सिंटेक्सच्या टाकीचं गरम पाणी. आमचं बेळगावी कन्नड ऐकून भाजीवाली हसायची. मराठी ऐकून बेळगावात कुणी कपाळाला आठ्या घालायचं, इथं कन्नड ऐकून हसायचे. आमच्यासारख्या सीमेवरच्यांची जीभ कुठंच पास होत नाही. पण एक गोष्ट होती. जो भेटेल तो विचारायचा, "ऊटा आयता?" जेवण झालं का? दुकानदार विचारायचा, घरमालकीण विचारायची, पुढं फ्लॅटमध्ये गेल्यावर वॉचमन विचारायला लागला. पहिल्या वर्षी मला वाटायचं हे लोक मला जेवायला बोलावतात की काय. नंतर कळलं, ती नुसती रीत आहे, आत काही नसतं. तरी मला ते बरं वाटायचं. माझ्या सख्ख्या काकूच्या दारात दोन दिवस राबून जे कुणी विचारलं नाही, ते इथं केळी विकणारा विचारत होता.

आईचं मी ऐकलं नाही. पहिल्याच दिवाळीला मांडे करायला बसले. कढई गॅसवर पालथी घातली. पहिला मांडा हातावरच फाटला, दुसरा कढईला चिकटला, तिसऱ्याचं सारण बर्नरमध्ये सांडून साखरेचा कोळसा झाला. एसटीडी बूथवरून आईला फोन लावून विचारलं, तर ती आधी रागावली, मग कणीक किती वेळ भिजवलीस म्हणून विचारायला लागली. दर रविवारी मी एक प्रश्न घेऊन बूथवर जायची. मैदा किती, तेल केव्हा, सारण घट्ट की सैल. लोक कला भक्तीनं शिकतात म्हणे. मी सूडानं शिकले. मनातले मांडे खाणारे लई बघितलेत, मी मनातले मांडे खरोखर भाजत होते, आणि प्रत्येक मांड्याच्या घडीत माझी काकू होती.

फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर आमच्या असोसिएशनची दिवाळी सुरू झाली. तमीळ, तेलुगू, मारवाडी, सगळे. ग्रुपवर गूगल फॉर्म येतो, कोण काय आणणार ते भरायचं. खाली हॉलमध्ये टेबलं मांडतात आणि प्रत्येक पदार्थासमोर एक कार्ड ठेवतात: पदार्थाचं नाव, करणाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर. पहिल्या वर्षी मी मांडे नेले. सेक्रेटरीच्या बायकोनं छान अक्षरात लिहिलं होतं, मांडे, वंदना, तीनशे चार. लोकांनी ताव मारला. एक तमीळ मामी दोनदा रांगेत लागल्या. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी त्या कार्डाकडं बघत उभी होते. एवढुसा पुठ्ठ्याचा तुकडा. केलंय त्याचं नाव समोर लिहायला एवढंच लागतं. त्या रात्री मला आनंद व्हायला पाहिजे होता आणि मला इतका राग आला की प्रकाश म्हणाला, काय मांडे संपले म्हणून चिडलीस का?

वर्षं गेली. अण्णा गेले, त्यांच्या पाठोपाठ आप्पा गेले. भावाभावात वितुष्ट यायला आता भाऊच उरले नाहीत. आईचे हात कापायला लागले, पोळी हातावर ठरेना, तिनं मांडे सोडले. मला घाई झाली. आई अठ्ठ्याहत्तरची, काकू ब्याऐंशीची, निपाणीच्या विहीणबाई त्याहून मोठ्या. तिघींपैकी एक जरी आधी गेली असती तर माझं सगळं फुकट गेलं असतं. दुसऱ्यांच्या आयांना दीर्घायुष्य मिळावं म्हणून लोक नवस बोलत नाहीत. मी काकूसाठी मनोमन बोलत होते.

आणि मग देवानंच दार उघडलं म्हणा. काकूची मुलाकडची नात त्याच निपाणीच्या घरात दिली, विहीणबाईंच्या नातवाला. एकाच घरात दुसरी सोयरीक. गेल्या दिवाळीला तिचा दिवाळसण अनगोळला ठरला आणि निपाणीच्या म्हातारीनं निरोप धाडला: मी येते, पण मला त्या वेळचे ते मांडे पाहिजेत, आणि ती बाई जिवंत असेल तर तिच्याच हातचे.

काकूचा मला फोन आला. सव्वीस वर्षांत पहिला. आवाजात साखर घोळलेली. वंदे, तुझ्या हातात तुझ्या आईचा गुण आला म्हणतात, तूच ये बाई, आता कोण आहे आम्हाला? अडला हरी म्हणतात तो असा. मी म्हटलं, येते. पण आई पाहुणी म्हणून येणार, गाडी पाठवायची, आणि खुर्चीवर बसणार. काकू म्हणाली, अगं बोलवायचं काय त्यात, ती घरचीच की. आता घरची! फोन ठेवता ठेवता काकू हळूच म्हणाली, "पाव्हण्यांसमोर मागचं काय काढू नकोस हं."

तोवर मला अधूनमधून शंका यायची. काकू विसरली असेल, एवढ्या गडबडीत तोंडातनं गेलं असेल, आपण उगाच उराशी धरून बसलोय. त्या एका वाक्यानं शंका मिटली. चोराच्या मनात चांदणं. तिला सगळं आठवत होतं, तारखेसकट. तिनं ते सव्वीस वर्षं झाकून ठेवलं होतं आणि मी सव्वीस वर्षं उघडं ठेवलं होतं, एवढाच फरक.

पाडव्याला दुपारी अनगोळच्या परड्यात चुलाण पेटलं. आता तिथं फरशी घातलीय, कुंड्या मांडल्यात, पण चुलाणाची जागा तीच. आई नेसली होती वडगावची रेशीम काठाची जांभळी साडी, आप्पांनी शेवटच्या मागावर विणलेली. तिला मी मुद्दाम निपाणीच्या म्हातारीशेजारच्या खुर्चीवर बसवलं. पंगतीआधी मांडे कसे होतात ते बघायला सगळे परड्यात जमले होते. नवा जावई मोबाईल धरून उभा, व्हिडिओ काढायला. जयूआक्का होती, नात होती, दाराच्या चौकटीत काकू. पहिले दहा मांडे मी झकास काढले. पोळी हातावर फिरायला लागली की बायका आं करून बघत होत्या. दोन श्वास, घडी. दोन श्वास, घडी.

निपाणीच्या आजींना नीट दिसत नाही. त्या माझ्याकडं निरखून बघत होत्या. मग काकूकडं मान वळवून म्हणाल्या, "ही पोरगी झ्याक करत्या. पण ती तुमच्या हाताखालची बाई कुठं हाय? गेली का?"

आई त्यांच्या शेजारी बसली होती. हातभर अंतरावर.

काकू म्हणाली, असेल की, कुठं जाणार, तुम्ही आत चला, धूर लागतोय. तोच धूर, तीच वाट. अकरावा मांडा खापरावर होता. त्याला फोड आले, काठ सुटला, काढायची वेळ झाली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

"वंदे, काढ की गं," काकू म्हणाली. "करपंल त्यो. काय करालीस?"

"आजी काय विचारत्यात त्याचं उत्तर द्या आधी," मी म्हटलं.

मांडा तपकिरी झाला, मग काळा, मग धूर. मी उलथण्यानं तो राखेत टाकला आणि दुसरा हातावर घेतला. सगळे हसले, त्यांना वाटलं गंमत चाललीय. तो खापरावर टाकला आणि परत हात मांडीवर. काकू म्हणाली, ती वडगावलाच असते, बरी आहे. मी काही हलले नाही. तोही जळला. आता कुणी हसलं नाही. नातजावयानं मोबाईल खाली घेतला नाही, पण त्याचं तोंड बदललं. जयूआक्का काकूचा, आपल्या आईचा, दंड धरून काहीतरी पुटपुटली. तिलाही माहीत होतं, बरं का. त्या दिवशी तीही नव्या साडीत खिडकीत उभी होती. मी तिसरा टाकला.

करपलेल्या साखरेचा कडू वास सगळ्या परड्यात भरला. आत पंगत मांडलेली, ताटाभोवती रांगोळ्या, निपाणीची माणसं उपाशी, आणि मांडे एकेक करून राखेत. काकूनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं की परातीतले सगळे गोळे संपले तरी मी उठणार नाही. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "बाई न्हवती ती. माझी जाऊ हाय. धाकटी. ही काय, तुमच्या शेजारी बसलीया."

एवढे शब्द. त्यासाठी मी गाव सोडलं होतं.

निपाणीच्या आजी वळल्या. आईचा हात चाचपून हातात घेतला, तोंड जवळ नेऊन बघितलं. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलतील आणि सगळं सावरून घेतील, म्हाताऱ्या बायका सावरतात. पण ती व्यापाऱ्याच्या घरची बाई, तिनं नेमकं तेच विचारलं जे विचारायला पाहिजे होतं. "मग त्या दिवशी पंगतीला का न्हवतीस?"

आई म्हणाली, "मला कुणी बसवलं न्हाय."

रागानं नाही म्हणाली. कुणी नाव-गाव विचारावं आणि सांगावं, तसं सांगितलं. काकू चौकटीला टेकली आणि रडायला लागली. इथं तुमचा व्हिडिओ संपतो, म्हणून तुम्हाला वाटतं मी तिला रडवून थांबले. नाही. मी चौथा मांडा टाकला, दोन श्वासांत घडी घातली, आणि उरलेले सगळे, एकही न फाटता, काढून बुट्टीत रचले. हातातलं काम अर्ध्यावर टाकायची आमच्यात पद्धत नाही. ती नवी नवरी, काकूची नात, कोपऱ्यात डोळे पुसत होती. तिचा सण नासला. तिचा काही दोष नव्हता. त्याबद्दल मला वाईट वाटतं आणि तसं मी तिला मागनं फोन करून सांगितलंय. बाकी कशाबद्दल वाटत नाही. ग्रुपवर ज्यांना माझा पश्चात्ताप पाहिजे त्यांनी वाट बघत बसावं.

काकूनं तोंड धुतलं आणि आईजवळ आली. खरं सांगते, तिनं तेव्हा जे केलं त्याला हिंमत लागते. सगळ्यांसमोर आईचा हात धरला, मधल्या पाटाशी नेऊ लागली, निपाणीच्या आजींच्या उजव्या हाताची जागा. म्हणाली, "चल गं, बस. माझ्या हातानं वाढते."

मी आईकडं बघत होते. ती बसेल असं मला वाटलं. बसावं असंही वाटत होतं, कारण त्याशिवाय माझं पुरं झालं नसतं. रांगोळी काढलेलं ताट, वरणभात, तूप, मटकीची उसळ, मांडा दुधात चुरायला वाटी. आईनं ते ताट डोळे भरून बघितलं. मग आपला हात सोडवून घेतला आणि पदर खांद्यावर नीट केला.

"न्हाय आक्का," ती म्हणाली. "आमी जेवून आलोय."

आम्ही सकाळपासून चहावर होतो. ते काकूलाही दिसत होतं. भरल्या ताटावरून सणाच्या दिवशी उपाशी माणूस उठून जातं, म्हणजे आमच्याकडं त्या घराला केवढा दोष लागतो ते तुम्हाला सांगायला नको. एवढी वर्षं मी समजत होते की आई विसरली, तिनं पोटात घातलं, ती साधी आहे. आणि मीच काय ती तिखट. अगं बाई.

काकूची गाडी आम्ही घेतली नाही. रिक्षा करून घरी आलो. वडगावात माझा भाऊ आणि वहिनी दिवाळीला वहिनीच्या माहेरी गेलेले, घर बंद. पाडवा म्हणून आईनं सकाळीच माग पुसून, फूल वाहून ठेवलेला. आई साडीसुद्धा न बदलता आत गेली, सकाळीच करून ठेवलेला भात होता तो खाली घेतला, आमटी गरम केली, शेंगाची चटणी काढली, आणि ताटली घेऊन मागाशेजारी जमिनीवर बसली. मीही माझी घेऊन तिच्यासमोर बसले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पाहुण्यांत घराची अब्रू काढलीस, पोरीचा सण नासवलास, अन्न जाळलंस. अन्न जाळणं तर आईला कधीच खपलं नाही. मी मान खाली घालून भात कालवत होते.

बेंगळूरला लोक विचारतात, नेटिव्ह यावदु? म्हणजे मूळ गाव कुठलं? मी बेळगाव सांगते, आणि इतकी वर्षं ते नाव घेताना माझ्या डोळ्यांसमोर अनगोळचं ते परडं यायचं, मागचं दार, आणि आत वाजणारी दुसऱ्यांची ताटं. माझं गाव एवढंच उरलं होतं. दरवर्षी मी यायची, भांडायला आल्यासारखी यायची, चार दिवस राहून जायची. आता ते परडं गेलं. आता डोळ्यांसमोर येतो तो वडगावचा सोपा, दोन ताटल्या, आणि माझी आई. तिला बस म्हणायला कुणी लागलं नाही, मलाही लागलं नाही. भूक लागली, बसलो. तेवढी जागा ज्याला आहे त्याला घर आहे, मग तो बेंगळूरला राहो नाहीतर अमेरिकेत.

आईनं अर्धी ताटली संपवली, पाणी प्यायली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"तीनच का जाळलेस गं?" ती म्हणाली. "परातीत लई होते की."